बेटावरील पहिले घर

नवव्या शतकात नॉर्वे देशातील फ्लोकी नावाचा एक दर्यावर्दी पश्चिम समुद्रातील एका बेटाच्या शोधार्थ निघाला. त्याच्यापाशी नकाशा नव्हता आणि होकायंत्रही नव्हते. त्या दिशेस एक मोठे बेट आहे, एवढी वार्ता तेवढी त्याच्या कानी आली होती. त्याने गलबतात गुरेढोरे भरली, काही सोबती घेतले आणि तीन डोमकावळे बरोबर घेतले.

फेरो बेटे मागे पडल्यावर त्याने पहिला कावळा सोडला. तो आल्या वाटेनेच मागे उडून गेला. दुसरा आकाशात उंच चढला, चहूकडे भिरभिरला आणि पुन्हा गलबतावर येऊन बसला. काही काळाने तिसरा सोडला, तो मात्र गलबताच्या नाळेवरून थेट समोर उडत गेला आणि परतला नाही. फ्लोकीने सुकाणू त्याच दिशेस धरले. उंचावर गेलेल्या पाखराला माणसाहून पुष्कळ दूरचे दिसते, आणि जमीन दिसल्यावर ते पुन्हा डोलकाठीवर येऊन बसत नाही, ही साधी गोष्ट त्याने हेरली होती. जे दृष्टीस पडत नाही त्याचा अदमास दिसणाऱ्या खुणेवरून कसा बांधावा, याचे हे उत्तम उदाहरण होय.

येथवर फ्लोकीचे चातुर्य दिसते. पुढची हकीकत तितकी सुखाची नाही. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ज्या खाडीत तो उतरला, ती माशांनी नुसती भरलेली होती. मासे धरण्याच्या नादात सर्वांचा उन्हाळा निघून गेला आणि हिवाळ्यासाठी गवत कापून साठवावे, याचे कोणालाही भान राहिले नाही. हिवाळा आला, कुरणे बर्फाखाली गेली आणि गलबतातून आणलेली सारी जनावरे उपासमारीने मेली. वसंत ऋतूतही थंडी ओसरेना, तेव्हा फ्लोकी एका डोंगरावर चढला. पलीकडील खाडी तरंगत्या हिमाने भरून गेलेली त्याला दिसली. त्याने त्या भूमीला ‘हिमभूमी’ असे नाव दिले. तेच आइसलँड.

ही कथा ज्या ग्रंथात आहे त्याचे नाव ‘लांद्नामाबोक’. त्याचा अर्थ ‘भूमिग्रहणाचा ग्रंथ’ असा होतो. आइसलँडमध्ये कोण केव्हा आला आणि कोणी कोणती भूमी घेतली, याची शेकडो टिपणे त्यात आहेत. फ्लोकीची मंडळी स्वदेशी परतल्यावर काय घडले, हेही त्यात सांगितले आहे. फ्लोकीने त्या बेटाची निंदा केली. हेर्योल्फुर नावाच्या सोबत्याने बरे आणि वाईट दोन्ही सांगितले. थोरोल्फुर नावाच्या तिसऱ्याने तर तेथील गवताच्या प्रत्येक पात्यातून लोणी गळते असे वर्णन केले, आणि त्यामुळे त्याला जन्मभर ‘लोणी थोरोल्फुर’ हे नाव चिकटले. तिघे एकाच वाटेने गेले, एकाच खाडीत राहिले, परंतु त्यांचे तीन निरनिराळे अभिप्राय झाले. नव्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्याने कोणाचे ऐकावे?

हाच प्रश्न एक हजार वर्षांनंतर जर्मनीतील एका गृहस्थाने खेळाच्या पटावर मांडला. क्लाउस टॉयबर हे त्याचे नाव. डार्मश्टाट शहराजवळ राहणारा हा मनुष्य कृत्रिम दात बनविण्याचा व्यवसाय करी आणि रात्री घराच्या तळघरात नवनवे खेळ रचीत बसे. उत्तरेकडील दर्यावर्दींनी आइसलँडचा शोध लावला व तेथे वस्ती केली, त्या कथांनी त्याचे मन वेधून घेतले होते. कोणी कोणाला मारीत नाही, कोणी डावातून बाद होत नाही, पण निर्मनुष्य बेटावर कोण आधी आणि कोण नीट पसरतो याची चुरस लागते, असा खेळ त्याने घरच्या माणसांबरोबर खेळून, मोडून, पुन्हा रचून सिद्ध केला. सन १९९५ मध्ये तो ‘कटानचे वसाहतकार’ या अर्थाच्या जर्मन नावाने प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी त्यास जर्मनीतील ‘वर्षातील उत्तम खेळ’ हा मान मिळाला. पुढे तो अनेक भाषांत गेला. सन २०२३ मध्ये टॉयबर निवर्तला तेव्हा या खेळाचे चार कोटींच्या आसपास संच जगभर विकले गेले होते. हल्ली तो नुसता ‘कटान’ या नावाने ओळखला जातो.

कटान हे एक काल्पनिक बेट आहे. ते एकोणीस षट्कोनी तुकड्यांचे बनते, आणि प्रत्येक डावाच्या आरंभी हे तुकडे मिसळून नव्याने मांडता येत असल्यामुळे दर खेपेस बेट निराळे होते. रानाचे तुकडे चार, कुरणाचे चार, शेताचे चार, चिकणमातीच्या टेकड्यांचे तीन, डोंगरांचे तीन आणि ओसाड वाळवंटाचा एक. रान लाकूड देते, कुरण लोकर, शेत धान्य, टेकडी विटा आणि डोंगर खनिज. वाळवंट काहीच देत नाही. वाळवंटावाचून उरलेल्या अठरा तुकड्यांवर एकेक आकडा लिहिलेली चकती ठेवतात. प्रत्येक खेळगडी आपल्या पाळीस दोन फासे टाकतो. दोहोंची बेरीज ज्या तुकड्यावरील आकड्याइतकी होईल तो तुकडा पिकतो, आणि त्याच्या कडेस ज्यांची ज्यांची घरे असतील त्यांना त्या मालाचे एकेक पान मिळते. फासे कोणीही टाकलेले असोत, पीक सर्वांचे.

घरे तुकड्यांच्या मध्यावर बांधीत नाहीत. जेथे तीन तुकड्यांची टोके एकत्र येतात त्या तिठ्यावर ती बांधतात. एक तिठा म्हणजे तीन निरनिराळ्या भूमींचा शेजार. साऱ्या बेटावर असे चौपन्न तिठे आहेत, त्यांपैकी किनाऱ्यावरच्या कित्येकांना एकदोनच भूमी लाभतात, उरलेल्या बाजूस समुद्र. पहिली दोन घरे प्रत्येकाला विनामूल्य मिळतात, आणि प्रत्येक घराबरोबर एक वाटही मिळते. त्यानंतरचे सर्व काही माल खर्चून उभारावयाचे असते. वाटेला एक लाकूड आणि एक वीट लागते. घराला लाकूड, वीट, लोकर आणि धान्य प्रत्येकी एक. घराचे नगर करावयाचे तर तीन खनिजे आणि दोन धान्ये. घराचा एक गुण, नगराचे दोन, आणि जो प्रथम दहा गुण मिळवील तो जिंकतो.

नवखा खेळगडी पहिले घर मांडताना डोळ्यांना जे सुंदर दिसते ते घेतो. बेटाच्या मध्यभागचा एखादा तिठा त्याला आवडतो, आणि तेथे बारा हा मोठा आकडा असला तर तो अधिकच संतुष्ट होतो. मराठीत ‘पौबारा’ हा भाग्याचा शब्द आहे खरा, परंतु कटान बेटावर बारा हा आकडा दारिद्र्याचा आहे. याचे कारण पाहू गेल्यास फार गहन गणित लागत नाही. एका फाशास सहा बाजू, म्हणून दोन फाशांची दाने छत्तीस प्रकारांनी पडू शकतात. त्या छत्तिसांपैकी बारा हे दान केवळ एकाच प्रकारे येते, दोन्ही फाशांवर सहा पडले तरच. आठ मात्र पाच प्रकारांनी येतात: दोन आणि सहा, तीन आणि पाच, चार आणि चार, पाच आणि तीन, सहा आणि दोन. सहाचेही तसेच. पाच आणि नऊ यांचे प्रकार चार, चार व दहा यांचे तीन, तीन व अकरा यांचे दोन, आणि दोनाचा बाराप्रमाणेच एक. चकतीवर आकड्याखाली तितके बारीक ठिपके छापलेले असतात, तेव्हा ज्याला गुणाकार नकोसा वाटतो त्यालाही ठिपके मोजता येतात.

सर्वांत अधिक प्रकार साताचे, म्हणजे सहा. पण सात हा आकडा कोणत्याच भूमीवर नसतो. सात पडले की एक लुटारू जागचा हलतो. फासे टाकणारा त्यास हव्या त्या भूमीवर नेऊन बसवतो, आणि तो तेथून हलेपर्यंत ती भूमी पिकत नाही. ज्याच्या हातात सातांहून अधिक पाने असतील त्याला त्यांपैकी निम्मी परत करावी लागतात. सरासरीने सहा दानांत एकदा हे संकट येते. म्हणून मोठी पुंजी साठवून मग एकदम बांधू, असे म्हणणारा पुष्कळदा पस्तावतो.

आता चार खेळगडी एका पटाभोवती बसले आहेत अशी कल्पना करावी. सोंगट्यांच्या रंगांवरून त्यांना तांबडा, निळा, पांढरा आणि नारिंगी म्हणू. पहिली घरे मांडण्याचा क्रम मोठा विचारपूर्वक ठरविलेला आहे. प्रथम तांबडा, मग निळा, मग पांढरा, मग नारिंगी, आणि दुसऱ्या फेरीत उलट क्रमाने नारिंगी, पांढरा, निळा आणि शेवटी तांबडा. ज्याला पहिली निवड मिळाली त्याला दुसरे घर सर्वांच्या शेवटी मांडावे लागते.

तांबड्यापुढे दोन उत्तम तिठे आहेत. एकाच्या शेजारी पाचाचा डोंगर, आठाचे शेत आणि दहाचे कुरण. दुसऱ्याच्या शेजारी सहाचे रान, नवाची टेकडी आणि चाराचे कुरण. ठिपके मोजले तर दोन्हीकडे बारा बाराच भरतात. मग निवड कशी करावी? येथे नवखा आणि जाणता यांत अंतर पडते. जाणता खेळगडी या दोन तिठ्यांकडे पाहून थांबत नाही, साऱ्या बेटाकडे पाहतो. टेकड्या तीनच आहेत. त्यांवरील आकडे नऊ, तीन आणि बारा. म्हणजे साऱ्या बेटावर विटांचे ठिपके अवघे सात. वाटेला वीट लागते, घराला वीट लागते, आणि या बेटावर विटांचा दुष्काळ पडणार हे एकही फासा न टाकता सांगता येते. तांबड्याने नवाच्या टेकडीचा तिठा घेतला. तिसऱ्या घराचा मार्ग त्या टेकडीतून जातो, हे त्याने ओळखले.

वाट कोणत्या दिशेने टाकावी, हा त्यापुढील प्रश्न. कोणत्याही घराच्या लगतच्या तिठ्यावर दुसरे घर बांधता येत नाही, निदान एक तिठा सोडावा लागतो. तांबड्याने दोन पावलांवरील एक तिठा हेरला. तेथे तीच नवाची टेकडी होती, शिवाय आठाचा डोंगर आणि अकराचे शेत. त्याने आपली वाट त्या दिशेने वळविली. इतका वेळ सर्व योग्य केले आणि येथे मात्र तो चुकला. भूमीचा अदमास त्याने बरोबर बांधला होता, माणसांचा बांधला नाही. त्याच्यानंतर अजून सहा घरे मांडली जाणार होती, आणि जो तिठा त्याला चांगला दिसला तो इतरांनाही चांगला दिसणारच होता. नारिंगीने आपल्या दोन सलग घरांपैकी एक नेमके त्या तिठ्याच्या लगत, आठाच्या डोंगराला टेकून मांडले. त्याबरोबर तांबड्याचा हेरलेला तिठा कायमचा बाद झाला. वाट मात्र तिकडेच तोंड करून राहिली.

या खेळातील पुष्कळसे पराजय असे पहिल्या पाच मिनिटांत होतात, मात्र ते उघड व्हावयास तासभर लागतो. म्हणून अनुभवी मंडळी आपली पहिली वाट बेटाच्या मध्याकडे क्वचित टाकतात. मध्याकडे सर्वांची दृष्टी असते. किनाऱ्याकडील तिठ्यावर भूमी कमी, पण तेथे बहुधा कोणी आधी जाऊन बसत नाही, आणि एखादे वेळी तेथे बंदर असते. बंदर हाती आले म्हणजे बंदरानुसार तीन समान पानांच्या अथवा ठरलेल्या मालाच्या दोनच पानांच्या मोबदल्यात हवे ते एक पान मिळते. बंदरावाचून चार द्यावी लागतात.

आता तांबड्याचे दुसरे घर. मांडणीत तो अखेरचा असल्यामुळे आता त्याला सारे बेट स्पष्ट दिसत आहे, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. दोन तिठे मोकळे आहेत. एकापाशी सहाचे शेत, नवाचे कुरण आणि चाराचे रान, ठिपके बारा. दुसऱ्यापाशी पाचाचे रान, दहाचे शेत आणि तीनाची टेकडी, ठिपके नऊच. घाईने पाहणारा बाराचा तिठा घेईल. तांबड्याने नवाचा घेतला. त्याचे पहिले घर सहा, नऊ आणि चार याच आकड्यांवर आहे. दुसरेही त्याच आकड्यांवर ठेवले तर ते तीन आकडे पडतील तेव्हा दुप्पट पीक येईल हे खरे, परंतु ते पडले नाहीत तर दोन्ही घरे एकाच वेळी उपाशी राहतील. अशा मांडणीत चारही खेळगड्यांची एकेक पाळी होऊन तांबड्याला एकही पान न मिळण्याचा संभव सुमारे पाचांत एक एवढा असतो. सहा निरनिराळ्या आकड्यांवर घरे ठेवली तर तोच संभव तेहतिसांत एकावर येतो. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. साऱ्या शेतात एकच पीक न घेता तो एका तुकड्यात ज्वारी आणि दुसऱ्यात तूर पेरतो, ते याच विचाराने.

शिवाय दुसऱ्या घराच्या शेजारील तिन्ही भूमींचे एकेक पान मांडतानाच हाती येते. तांबड्याला लाकूड, धान्य आणि वीट मिळाली. मध्याकडे तोंड केलेल्या जुन्या वाटेचा नाद सोडून त्याने या दुसऱ्या घराची वाट किनाऱ्याकडे वळविली. तेथून दोन पावलांवर बंदराचा एक तिठा आहे. तिसऱ्या घराला आता काय हवे, याचा हिशेब सोपा आहे. एक वाट आणि एक घर मिळून दोन लाकडे, दोन विटा, एक लोकर आणि एक धान्य. तीन पाने हातात आहेतच. उरले लाकूड, वीट आणि लोकर. लाकूड सहावर अथवा पाचावर येते, म्हणजे चार दानांत साधारण एकदा. वीट नवावर अथवा तीनावर, म्हणजे सहांत एकदा. आणि लोकर केवळ चारावर, म्हणजे बारांत एकदा. ज्या विटांच्या टंचाईला भिऊन एवढा विचार केला, त्या विटांचा प्रश्न सुटला आणि अडसर आला तो लोकरीचा!

हा अडसर फाशांनी दूर होण्याची वाट पाहत बसणे शहाणपणाचे नाही. निळ्यापाशी दहाचे कुरण आहे, आणि त्याच्या दोन्ही घरांना मिळून एकही रान नाही. त्याला लाकूड हवे. कटानच्या नियमांप्रमाणे ज्याची पाळी असेल त्याला इतरांशी मालाची देवाणघेवाण करता येते. तेव्हा एक लाकूड देऊन एक लोकर घेण्याचा सौदा दोघांच्याही सोयीचा आहे. तथापि निळाही विचार करतो. लोकर दिली की तांबड्याचे तिसरे घर झाले, आणि न दिली तर आपल्याला वाट बांधता येणार नाही. पटावर माणसामाणसांत जे बोलणे, अजिजी, रुसवेफुगवे चालतात ते अशा वेळी. बुद्धिबळात दोन प्रतिस्पर्धी तासन्‌तास मुक्याने बसू शकतात. कटान मुक्याने खेळता येत नाही.

इतका हिशेब करूनही फासे हवे तेच दान देतील असे नाही. समजा, पांढऱ्याने आपली दोन्ही घरे आठाच्या भरवशावर ठेवली आहेत आणि दहा दाने पडली तरी आठ आले नाहीत. तो फाशांना दूषणे देतो. परंतु गणित केले तर दहा दानांत आठ एकदाही न येण्याचा संभव शेकडा बाविसांच्या आसपास निघतो. पाच डावांत एकदा जे घडते त्याला चमत्कार म्हणता येत नाही. अकराव्या दानाच्या वेळी ‘आता आठ यायलाच हवेत’ असे पांढरा म्हणतो, त्यात मात्र त्याची खरी चूक आहे. मागील दहा दाने काय पडली, हे फाशांना ठाऊक नसते. अकराव्या दानातही आठाचे प्रकार छत्तिसांत पाचच.

फाशांना स्मरण नसते, परंतु काही वस्तूंना ते असते, आणि या दोहोंतील भेद ज्याला कळला त्याला अज्ञात भूमीचा अदमास बांधता येतो. सन १९९७ मध्ये टॉयबरने कटानला समुद्रपर्यटनाची जोड दिली. त्यात लाकूड आणि लोकर खर्चून गलबते बांधावयाची आणि दूरच्या बेटांकडे जावयाचे. त्यातील एका डावात काही तुकडे पालथे घालून ठेवतात. जणू तेथे धुके आहे. गलबताचे टोक धुक्याच्या कडेस लागले की तो तुकडा उलथावयाचा. समुद्र निघाला तर श्रम फुकट, भूमी निघाली तर तिच्या मालाचे एक पान बक्षीस. पालथ्या तुकड्यांत एकंदर काय काय आहे हे सर्वांना आधी ठाऊक असते. कोणता तुकडा कोठे आहे, तेवढेच ठाऊक नसते.

समजा, पालथे तुकडे दहा आहेत: समुद्राचे चार, टेकड्या दोन, डोंगर दोन, एक कुरण आणि एक सुवर्णनदी. पहिले गलबत धुक्यात शिरते तेव्हा टेकडी निघण्याचा संभव दहांत दोन. पुढे सहा तुकडे उघडले गेले आणि त्यांत समुद्र तीन, डोंगर दोन आणि कुरण एक निघाले, असे मानू. आता पालथे राहिले चार, आणि त्यांत दोन्ही टेकड्या आहेतच. संभव दहांत दोन होता तो चारांत दोन झाला. सुवर्णनदीही त्यातच आहे, समुद्राचा तुकडा एकच उरला आहे. सहा वेळा इतरांनी गलबते नेली, त्यांपैकी तिघांना खारे पाणी मिळाले, आणि जो आतापर्यंत स्वस्थ बसून मोजीत होता त्याच्यासाठी धुके पुष्कळसे विरळ झाले. येथे ‘आता टेकडी निघायला हवी’ असे म्हणणे भाबडेपणाचे नाही, कारण उघडलेला तुकडा पुन्हा पालथ्यांत मिसळत नाही. मात्र स्वस्थ बसण्यालाही किंमत पडते. चांगल्या भूमीच्या कडेचा तिठा तोपर्यंत दुसऱ्याने घेतलेला असतो.

आइसलँडचे खरे वसाहतकार असे मोजू शकत नव्हते. धुक्यापलीकडे किती डोंगर आणि किती कुरणे आहेत, याची यादी त्यांना कोणी दिलेली नव्हती. त्यांतील पहिला कायमचा रहिवासी म्हणून ज्याचे नाव घेतात त्या इंगोल्फुर आर्नारसनने भूमीची निवड चक्क समुद्रावर सोपवली. त्याच्या घरातील उच्चासनाचे दोन खांब त्याने किनारा दिसताच पाण्यात टाकले आणि ते जेथे लागतील तेथे घर बांधीन असा संकल्प केला. खांब शोधीत त्याचे दोन दास किनाऱ्याकिनाऱ्याने फिरत राहिले आणि तिसऱ्या हिवाळ्यात ते नैर्ऋत्येकडील एका उपसागराच्या काठी सापडले. त्या दासांपैकी एकजण कुरकुरला, अशी ग्रंथात नोंद आहे. इतके सुपीक प्रदेश ओलांडून आलो ते या आडवळणाच्या भूशिरावर राहण्यासाठी काय, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. भूमीचे ठिपके मोजणारा तो दास होता असे म्हणावयास हरकत नाही. परंपरेने हे वर्ष सन ८७४ मानतात. त्या भूशिरावर आज रेक्याविक ही आइसलँडची राजधानी आहे.

त्याच्यामागून आलेल्यांनी भूमी कशी वाटून घेतली, तेही मनोरंजक आहे. आधी आलेल्यांनी फार भूमी अडवल्याची तक्रार झाली, तेव्हा नॉर्वेच्या हाराल्ड राजाने मर्यादा घालून दिली असे सांगतात. सूर्य पूर्वेस असताना अग्नी पेटवावा, एकाचा धूर दुसऱ्या ठिकाणाहून दिसेल अशा बेताने पुढे पुढे अग्नी पेटवीत जावे, आणि सूर्य पश्चिमेस येईपर्यंत एका गलबताच्या मंडळींना जेवढ्या भूमीला वेढा घालता येईल तेवढी त्यांची. स्त्रीने भूमी घ्यावयाची तर वसंतातल्या एका दिवसात दोन वर्षांची कालवड चालवीत जेवढ्या भूमीला फेरी घालता येईल तेवढी घ्यावी. कटानमधील एक तिठा सोडण्याचा नियम आणि हा नियम एकाच गरजेतून आलेले दिसतात. आधी येणाऱ्याने सगळेच व्यापू नये.

एका बाबतीत मात्र टॉयबरचे बेट आणि खरे बेट यांत मोठे अंतर आहे. कटानचे रान कधी संपत नाही. डाव संपेपर्यंत त्याचा आकडा जितक्या वेळा पडेल तितक्या वेळा ते लाकूड देते. आइसलँडचे तसे झाले नाही. वसाहतीच्या काळी ते बेट डोंगरापासून किनाऱ्यापर्यंत वृक्षांनी आच्छादलेले होते, असे आरी या इतिहासकाराने बाराव्या शतकात लिहून ठेवले आहे. ती भूर्जवृक्षांची राने घरांसाठी, सरपणासाठी, लोखंड गाळण्याच्या कोळशासाठी तुटत गेली, आणि जेथे तुटली तेथे मेंढ्यांनी नवा कोंब वर येऊ दिला नाही. मग उघडी पडलेली माती वारा उडवून नेऊ लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी बेटाचा शेकडा एक भाग जेमतेम रानाखाली उरला होता. सन १९०७ मध्ये तेथे रान आणि माती यांच्या रक्षणाचा कायदा झाला आणि तेव्हापासून वृक्षलागवड चालू आहे, पण ती हळूहळू. पटावरील चकती प्रत्येक डावाच्या शेवटी पेटीत जाते आणि पुढच्या डावाला तशीच्या तशी बाहेर येते. खेळात एवढी सवलत असणे स्वाभाविक आहे.

ज्याची जनावरे गवतावाचून मेली त्या फ्लोकीची हकीकत मात्र तेवढ्यावर संपली नाही. ज्या बेटाची त्याने सर्वांपुढे निंदा केली होती, तेथेच तो काही वर्षांनी पुन्हा गेला. या खेपेस माशांनी भरलेल्या त्या पश्चिमेकडच्या खाडीत तो राहिला नाही. उत्तरेकडील एका खोऱ्यात त्याने भूमी घेतली, घर बांधले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला. त्या खोऱ्याला आजही फ्लोकादालुर, म्हणजे फ्लोकीचे खोरे असेच म्हणतात.